घरचा बार आणि खडकीचें काडतूस

काडतूस आणि पिस्तूल हे दोन्ही शब्द मराठीला पोर्तुगीजांकडून मिळाले. बार भरण्याचें काम मात्र पुष्कळ काळ ज्याचें त्याच्याच हातीं होतें. ठासणीच्या बंदुकींत सोरा, गंधक व कोळसा यांची दारू मापून ओतावी, वर गोळी सोडावी, गजानें ठासावी आणि जामगीनें बत्ती द्यावी, हा नित्याचा क्रम. बार चुकला तर दोष भरणाऱ्याचा. त्याचा जाब दुसऱ्या कोणास विचारावयाचा नसे.

कागदी काडतुसानें हें नातें बदललें. १८५३ च्या एन्फील्ड बंदुकीसाठीं मापलेली दारू व गोळी कागदांत गुंडाळून शिपायाच्या हातीं तयार येऊं लागली. तो कागद दातांनीं तोडावयाचा. पण त्यावरचें वंगण कशाचें, हें शिपायास ठाऊक नसे. १८५७ च्या जानेवारींत सरकारनें स्वतःच्या पसंतीचें वंगण लावण्याची मुभा दिली. तथापि संशय फिटला नाहीं. उठावाचीं कारणें अनेक होतीं, ठिणगी मात्र परक्या हातानें भरलेल्या काडतुसाची पडली.

पुढें १८६६ च्या सुमारास बॉक्सर यांनीं स्नायडर बंदुकीसाठीं पितळी काडतूस सिद्ध केलें, आणि १८६९ मध्यें पुण्याजवळ खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. अखंड पितळेचीं काडतुसें आल्यावर एक नवी सोय झाली. बार उडाला तरी नळकांडें शिल्लक राहतें. नवी टोपी, दारू व गोळी दिली असतां तें पुन्हां कामास येतें. अमेरिकेंत दुकानें दूरदूर असल्यामुळें शिकारी लोक घरींच काडतुसें भरूं लागले, आणि तेथें हा छंद अद्यापि चालू आहे.

हिंदुस्थानांत तसें कां झालें नाहीं? लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दींत १८७८ सालीं हत्यारांचा कायदा झाला. परवान्यावांचून हत्यार घेऊन फिरणेंच नव्हे, तर दारूगोळा तयार करणें हाहि गुन्हा ठरला. युरोपियनांस मात्र सूट मिळाली. १८८७ च्या मद्रास काँग्रेसनें या कायद्याविरुद्ध ठराव केला. २२ जून १८९७ रोजीं चाफेकर बंधूंनीं रँडवर गोळी झाडली, तो गणेशखिंडीचा रस्ता खडकीपासून फार दूर नव्हता. १९०९ च्या डिसेंबरांत नाशकास जॅक्सनचा वध झाला, त्यांतील ब्राउनिंग पिस्तूल तर लंडनहून आलेलें होतें. ज्या पुण्याच्या वेशीशीं सरकारसाठीं काडतुसें होत, तेथील नागरिकास आपल्या घरीं एकहि भरण्याची मोकळीक नव्हती.

स्वातंत्र्यानंतर १९५९ मध्यें नवा कायदा आला. परवान्यावांचून काडतूस बनविण्याची मनाई त्यांतहि राहिली. तिला एक सबळ कारण आहे. १८८४ मध्यें फ्रान्समधील व्हिएय यांनीं शोधलेली निर्धूर दारू जुन्या काळ्या दारूहून फार जोरकस असते. मापांत चूक झाली तर नळी फुटते आणि भरणाऱ्याबरोबर शेजाऱ्याचाहि जीव धोक्यांत येतो. म्हणून दोन्ही मनाया अक्षरानें सारख्या असल्या तरी अर्थानें भिन्न आहेत. पहिली राज्यकर्त्यांच्या भयांतून जन्मली आणि वर्ण पाहून लागू झाली. दुसरी लोकांनीं निवडलेल्या संसदेनें सर्वांस सारखी घातली. खडकीचा कारखाना २०२१ पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीकडे आहे. तेथील काडतूस कोणाच्या हातीं जावें, हें ठरविणारा कायदा आतां आपला आहे. तो सर्वांस सारखाच लागतो कीं नाहीं, यावर लक्ष ठेवणें हेंहि नागरिकाचेंच कर्तव्य होय.