प्रश्नकर्त्याची खुर्ची

राज्यात मंत्री बदलला म्हणजे वर्तमानपत्रात ठळक मथळा येतो आणि चार दिवसांत लोक तो विसरतात. पण दूरचित्रवाणीवर त्या मंत्र्याला समोर बसवून प्रश्न विचारणारा गृहस्थ बदलला की आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडे ओटीवर त्याची चर्चा आठवडाभर पुरते. "नव्यात ती धार नाही हो!" असे एक म्हणतो. "जुना तरी कुठे कोणाला बोलू देत होता?" असे दुसरा विचारतो. मला या चर्चेची मोठी मौज वाटते. ज्याला आपण निवडून दिलेले नाही, ज्याला काढण्याचा अधिकार आपल्याला नाही, त्याच्या खुर्चीविषयी माणसाला इतकी आस्था का असावी?

आमच्या किनाऱ्यावर याचे उत्तर कोळीवाड्यात मिळते. होडी नाखव्याची असते, पण समुद्रात ती तांडेल हाकारतो. तांडेल कोणाला करायचे हे नाखवा ठरवतो. मात्र त्याने चुकीचा माणूस निवडला, तर जीव खलाशांचा जातो. प्रश्नकर्त्याची गोष्ट अशीच आहे. वाहिनी मालकाची, निवड मालकाची; पण तो माणूस कच्चा निघाला तर अंधारात राहतो तो श्रोता.

ही खुर्ची दूरचित्रवाणीच्या पुष्कळ आधीची आहे, आणि तिच्या इतिहासात आमच्या जिल्ह्याचा वाटा लहान नाही. हा जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जाई. रायगड हे नाव १९८१ साली मिळाले. पेणचे गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनी १८४१ साली मुंबईत 'प्रभाकर' हे साप्ताहिक काढले. लोकहितवादींची शतपत्रे १८४८ पासून त्यातच छापली गेली. स्वतःच्या समाजाला झोंबणारे प्रश्न विचारणाऱ्याला जागा देणे, हेही प्रश्न विचारण्याइतकेच धैर्याचे काम होते. याच जिल्ह्यातल्या शिरवलीचे विष्णुबुवा ब्रह्मचारी १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी ख्रिस्ती मिशनऱ्यांशी जाहीर वाद घालीत. ऐकायला मोठा समुदाय जमे. ध्वनिक्षेपक नाही, पडदा नाही. समोर समुद्र, आणि दोन्ही बाजूंना शंका विचारण्याची मोकळीक! पुढे तो वाद पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला.

भाऊ महाजनांच्या बाबतीत मालक आणि संपादक एकच, तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता. तो प्रश्न 'केसरी'पुढे उभा राहिला. ४ जानेवारी १८८१ रोजी सुरू झालेल्या या पत्राचे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर. कोल्हापूरच्या प्रकरणात टिळक आणि आगरकर दोघांनीही १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. इतका जिव्हाळा असूनही पुढे प्रश्न पडला तो असा, की पत्राने आधी कोणाला जाब विचारावा? परक्या सरकारला, की आपल्याच घरातल्या रूढींना? आगरकर आपले मत गिळायला तयार नव्हते, आणि पत्र एकट्या आगरकरांचे नव्हते. १८८७ साली ते बाजूला झाले आणि संपादकपद टिळकांकडे आले. दुसऱ्याच वर्षी आगरकरांनी 'सुधारक' काढला. खुर्ची तीच राहिली, पण तिच्यावरून सुटणारा प्रश्न बदलला. महाराष्ट्राला मात्र त्यातून एकाऐवजी दोन प्रश्नकर्ते लाभले. पुढे १९०८ साली टिळक मंडालेला गेले, तरी 'केसरी' निघत राहिला. माणूस नसतानाही खुर्ची टिकणे ही संस्थेची खरी परीक्षा.

दूरचित्रवाणीवरची अशी सर्वांत जुनी खुर्ची अमेरिकेत आहे. 'मीट द प्रेस' हा कार्यक्रम १९४७ सालापासून चालू आहे. त्याची पहिली सूत्रसंचालक एक स्त्री होती, मार्था राउंट्री. १९९१ साली तेथे टिम रसर्ट आला. बफेलो गावच्या एका सफाई कामगाराचा हा मुलगा वकिली शिकलेला होता, आणि पत्रकार होण्यापूर्वी त्याने पुढाऱ्यांच्या पदरी कामही केले होते. पुढाऱ्याची लबाडी तो आतून ओळखून होता. त्याची रीत साधी. पाहुण्याचे जुने वक्तव्य तो पडद्यावर दाखवी आणि शांतपणे विचारी, की तेव्हा आपण असे म्हणालात, आज असे म्हणता, यातले खरे कोणते? आवाज चढवण्याची गरजच पडत नसे.

१३ जून २००८ रोजी कचेरीत काम करता करताच रसर्ट कोसळला आणि गेला. अध्यक्षीय निवडणूक तोंडावर आलेली. टॉम ब्रोकॉ या बुजुर्गाने निवडणूक पार पडेपर्यंत खुर्ची सांभाळली, आणि डिसेंबरात डेव्हिड ग्रेगरीची नेमणूक झाली. ग्रेगरी व्हाइट हाउसचा मुरलेला वार्ताहर. पण प्रेक्षक ओसरू लागले आणि २०१४ साली त्याच्या जागी चक टॉड आला. २०२३ साली ती खुर्ची क्रिस्टन वेल्कर हिच्याकडे गेली. राउंट्रीनंतर या खुर्चीवर दुसरी स्त्री बसायला सत्तर वर्षे लागली! इंग्लंडातही १९७९ साली सुरू झालेल्या 'क्वेश्चन टाइम'ची सूत्रे रॉबिन डे, पीटर सिसन्स आणि डेव्हिड डिंबलबी यांच्यानंतर २०१९ साली फिओना ब्रूस हिच्याकडे आली. माणसे बदलली, पण ठरलेला वार आणि कार्यक्रमाचे नाव टिकले.

आपल्याकडे पंडित नेहरूंची दूरचित्रवाणीवर पहिली मुलाखत घेण्याचा मान पु. ल. देशपांडे यांच्याकडे जातो, असे सांगतात. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. तेव्हा खुर्ची सरकारची होती, म्हणून प्रश्नही बेताचे. खासगी वाहिन्या आल्यावर धार आली. २००८ साली निघालेल्या 'आयबीएन लोकमत'वर निखिल वागळे यांचा 'आजचा सवाल' हा कार्यक्रम रोज रात्री घरोघर ऐकला जाई. नोव्हेंबर २००९मध्ये त्या वाहिनीच्या कचेरीवर हल्ला झाला; मराठीत प्रश्न विचारण्याची किंमत काय असते, ते त्या दिवशी दिसले. २०१४ साली वागळे यांनी ती वाहिनी सोडली. त्यांची आक्रमक पद्धत पुष्कळांना रुचत नसे, पुष्कळांना तीच आवडे. पण आपण श्रोते माणसाच्या नावाने कार्यक्रम ओळखतो आणि माणूस गेला की पाठ फिरवतो, ही सवय मला घातक वाटते. त्यामुळे मालकालाही खुर्चीची पत राखण्याची गरज उरत नाही. चटकदार तोंडाचा कोणीतरी बसवला की भागते.

मी वर्गात शिकवतो. मला रोज दिसते की मोठ्याने विचारलेल्या प्रश्नाला मुले घाबरून उत्तर देतात, आणि नेमक्या विचारलेल्या प्रश्नाला विचार करून. नवा प्रश्नकर्ता निवडताना मालकांनी आवाज जरूर पाहावा, चेहराही पाहावा. पण आधी हे पाहावे की याने पाहुण्याचे मागचे बोलणे वाचले आहे काय, स्वपक्षाच्या आणि परपक्षाच्या पुढाऱ्याला हा एकाच मापाने मोजतो काय, आणि उत्तर ऐकायला थांबतो काय.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पेठेतले व्यापारी नवी चोपडी पूजतात, पण जुन्या चोपडीतली बाकी पुढे ओढायला विसरत नाहीत. कोरी वही म्हणजे माफ झालेले कर्ज नव्हे. तेव्हा वाचकहो, पुढल्या खेपेस खुर्चीवर नवा चेहरा दिसला, तर त्याचा कोट नि त्याची भाषा पाहून लगेच निकाल देऊ नका. आधीच्याने विचारलेला आणि पुढाऱ्याने टाळलेला एखादा प्रश्न तो पुन्हा विचारतो काय, तेवढे पाहा. विचारलाच, तर ओटीवर त्याची बाजू घेणारा एक माणूस रेवदंड्यास आहे, असे समजा!