धनुष्य आणि तोड्याची बंदूक : रणांगणावरील तुलना

बंदुकीचे आगमन होताच धनुष्यबाण कालबाह्य झाला, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास मात्र निराळे चित्र मांडतो. भारतात आणि युरोपात ही दोन्ही शस्त्रे दीर्घकाळ एकाच सैन्यात वापरली जात होती.

पानिपतचे पहिले युद्ध हे त्याचे ठळक उदाहरण होय. २१ एप्रिल १५२६ रोजी बाबराने कातडी दोरांनी बांधलेल्या गाड्यांच्या आडोशाला तोफा आणि बंदूकधारी सैनिक तैनात केले होते. त्याच वेळी घोडेस्वार तिरंदाजांनी दोन्ही बगलांवरून वळसा घालून इब्राहिम लोदीच्या सैन्याची कोंडी केली. या युद्धात लोदी मारला गेला आणि दिल्लीच्या सल्तनतीचा अंत झाला.

माऱ्याच्या वेगात धनुष्य निःसंशय सरस होते. दारू व गोळी ठासणे, रंजक भरणे आणि पेटता तोडा सांभाळणे यात बंदूकधाऱ्याचा बराच वेळ जात असे. बंदूकधाऱ्याचे दोन बार होण्यापूर्वी घोडेस्वार सहा बाण सोडतो, असे सतराव्या शतकात मोगल दरबारी राहिलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निए याने नमूद केले आहे. पावसात तोडा विझण्याची भीती असे. मात्र शिंग, स्नायुतंतू आणि सरस यांपासून तयार केलेले संयुक्त धनुष्यही दमट हवेत निकामी होई.

भेदकतेत बंदूक वरचढ ठरली. बाणाच्या तुलनेत गोळीची ऊर्जा कितीतरी पटींनी अधिक असते. ऑस्ट्रियातील ग्राझ येथे १९८८-८९ मध्ये जुन्या बंदुकांच्या चाचण्या घेण्यात आल्या. जवळच्या अंतरावरून त्यांनी पोलादी पत्रा भेदला. परंतु सुमारे १०० मीटर अंतरावर गुळगुळीत नळीच्या बंदुकांचा नेम बेभरवशाचा ठरला.

निर्णायक मुद्दा प्रशिक्षणाचा होता. १५४५ मध्ये बुडालेल्या आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढण्यात आलेल्या ‘मेरी रोज’ या इंग्रज युद्धनौकेच्या अवशेषांत १३० हून अधिक लांब धनुष्ये सापडली. ती ताणण्यास लागणारे बळ अनेक वर्षांच्या सरावानेच येत असे. बंदूक चालविणे मात्र काही आठवड्यांत शिकता येई. कसलेला तिरंदाज रणात पडला, तर त्याची जागा सहजी भरून निघत नसे. बंदूकधाऱ्याची जागा दुसरा नवशिका घेऊ शके. १५९५ मध्ये इंग्लंडच्या राजमंडळाने प्रशिक्षित पथकांत तिरंदाजांऐवजी बंदूकधारी घेण्याचा आदेश दिला. भारतात मात्र अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातही घोडदळाच्या हाती धनुष्ये होती.