सुरक्षेचे शिक्षण कोणाला? धोट्यापासून मॅनहोलपर्यंतचा इतिहास

दरवर्षी ४ मार्चला कारखान्यांत राष्ट्रीय सुरक्षा दिन साजरा होतो. शपथ घेतली जाते, छातीवर बिल्ले लागतात, साहेबांची भाषणे होतात. १९६६ साली याच दिवशी राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली, हे त्या भाषणांत सांगितले जाते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव मात्र तिथे क्वचितच निघते. आणि एक प्रश्न तर कोणी विचारतच नाही: सुरक्षेचे शिक्षण या देशात मिळते कोणाला?

या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला मुंबईच्या गिरण्यांपासून सुरुवात करावी लागेल. गिरणीतल्या विणकाम खात्यात पगार चांगला होता, पण अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव होता. कारण काय? धोट्यात नवी कांडी भरली की सुताचे टोक तोंडाने ओढून भोकातून बाहेर काढावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आम्ही हातात घेणार नाही, असे सवर्ण विणकरांचे म्हणणे होते. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या खात्यांत अडकून पडली. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला.

या धोट्याची दुसरी बाजूही पाहा. तोंडाने सूत ओढताना कापसाची धूळ छातीत जाते आणि एकाच्या लाळेतून दुसऱ्याला रोग होण्याची भीती असते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असा धोटा १९११ साली कायद्याने बंद केला. तिथे लाळेचा प्रश्न आरोग्याचा ठरला, इथे तोच विटाळाचा ठरला. सवर्ण विणकराला अस्पृश्याच्या लाळेची भीती वाटली, क्षयाची वाटली नाही. जात माणसाला धोका ओळखूच देत नाही, याचा याहून स्पष्ट पुरावा आम्हाला माहीत नाही.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडच्या अस्पृश्य रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आपला माणूस रुळांवर गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच राहतो, ही व्यथाही त्याच परिषदेतली. कष्टाचे आणि जोखमीचे काम आपल्याकडे, बढती दुसऱ्याकडे!

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणींत गेले आणि कामगार कसे राबतात, कसे राहतात हे स्वतः पाहिले. १९४४ च्या सुरुवातीला कोळसा खाण कामगारांसाठी कल्याण निधी सुरू झाला. १९४६ साली कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. थकलेल्या माणसाचा हात यंत्रात जातो, म्हणून कामाचे तास कमी करणे हाही सुरक्षेचाच उपाय आहे. याच काळात, १९४५ साली, केंद्राच्या मजूर खात्यात कारखानेविषयक मुख्य सल्लागाराचे कार्यालय उभे राहिले. कामगाराचा जीव वाचवणे हे तांत्रिक ज्ञानाचे काम आहे आणि ती सरकारची जबाबदारी आहे, हे त्यातून मान्य झाले. पुढे जगजीवनराम मजूरमंत्री असताना १९४८ चा कारखाने कायदा आला.

त्या १९४५ च्या कार्यालयातूनच वाढलेल्या यंत्रणेची केंद्रीय श्रम संस्था मुंबईत शीवला आहे. तिथे सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी औद्योगिक सुरक्षेचा वर्षभराचा पदविका अभ्यासक्रम चालतो. १९७६ च्या दुरुस्तीने एक हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद झाली आणि या पदविकेला मोल आले. पण तिथे बसायला आधी अभियांत्रिकी किंवा विज्ञानाचे शिक्षण लागते. म्हणजे ज्ञान अधिकाऱ्याकडे गेले आणि कामगाराच्या वाट्याला हेल्मेट घाला, एवढीच पाटी आली.

१९८४ साली भोपाळ घडले. कारखान्यात कोणते विष साठवले आहे आणि ते सुटले तर काय करायचे, हे वस्तीतल्या माणसांना ठाऊक नव्हते. हजारो माणसे गेल्यावर, १९८७ साली, कारखाने कायद्यात कलम १११-अ आले. सुरक्षेची माहिती मालकाकडून मागण्याचा, कारखान्यात प्रशिक्षण घेण्याचा किंवा मालकामार्फत मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षणाला जाण्याचा हक्क प्रत्येक कामगाराला मिळाला. प्रत्येक कामगाराला! किती युनियनांनी हे कलम आपल्या सभासदांना वाचून दाखवले? आता २०२० च्या संहितेने त्या कायद्याची जागा घेतली आहे. माहिती मागण्याचा हक्क तिथेही आहे. तो बजावणारा कामगार मात्र घडवावा लागेल.

आता मॅनहोलकडे या. सुरक्षेच्या प्रत्येक अभ्यासक्रमात बंदिस्त जागेतल्या कामाचा धडा असतो. हायड्रोजन सल्फाइडला कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण वायूचे प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच जाते. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असे समजणारा माणूस तिथेच कोसळतो. त्याला वाचवायला दुसरा उतरतो, मग तिसरा. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवत नाही. हे सगळे वर्गात शिकवले जाते, परीक्षेला विचारले जाते. मरतो मात्र ठेकेदाराचा तो माणूस, ज्याला त्या वर्गाचा दरवाजाही कोणी दाखवला नाही. त्याची जात कोणती, हे आम्ही सांगायला नको.

पण सावध राहा. ‘प्रशिक्षण दिले आहे, आता उतर,’ असे म्हणायची सोय आपण कोणाला करून द्यायची नाही. सुरक्षाशास्त्राचा पहिला नियम सांगतो की धोका मुळातच काढून टाका. मास्क आणि पट्टा हे शेवटचे उपाय. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकच्या धोकादायक सफाईवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला १० लाखांची भरपाई ठरवली, २०२३ साली ती ३० लाख केली. रक्कम वाढली, पण माणसे आत उतरवणे थांबले नाही. म्हणून सफाई कामगाराच्या वर्गात पहिला धडा नकाराचा असला पाहिजे: आत उतरायला सांगणे हा गुन्हा आहे आणि नाही म्हणणे हा माझा हक्क आहे.

हा वर्ग कोण घेणार? अभियांत्रिकी आणि विज्ञान शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी सुरक्षेची पदविका घ्यावी, सुरक्षा अधिकारी व्हावे, कारखाना निरीक्षकाच्या पदांवर दावा सांगावा. आणि महिन्यातला एक रविवार वस्तीतल्या विहारात कामगारांसाठी द्यावा. प्रौढ कामगार कोरी पाटी नसतो. वीस वर्षे यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला इंग्रजी स्लाइड दाखवू नका. फळ्यावर माणसाच्या शरीराचे चित्र काढा आणि प्रत्येकाला आपले दुखणे तिथे खुणेने दाखवायला सांगा. एकाच खात्यातल्या दहा जणांची खूण छातीवर आली, तर ते दुखणे एकट्याचे नाही, त्या कामाचे आहे. मग धुळीची माहिती मालकाकडे लेखी मागा. शिकणे आणि संघटित होणे तिथे एकाच बाकावर घडते.

‘शिका’ हा बाबासाहेबांचा संदेश आपण शाळा-कॉलेजापुरता ठेवला. तो कामाच्या जागेवरही न्यायचा आहे. तिथे शिकणे म्हणजे संध्याकाळी जिवंत घरी परतणे.

जय भीम!