पाद्री, पाय आणि बेंसांव : गोव्यातील कॅथलिक कुटुंबातील पित्याचे स्थान

गोव्यातील कॅथलिक समाजाच्या बोलीत पितृत्वाचे तीन वाचक शब्द आढळतात. प्रार्थनेत देवाला उद्देशून ‘बापा’ हे देशी संबोधन येते. धर्मगुरू तो ‘पाद्री’. आणि पुष्कळ घरांत जन्मदाता तो ‘पाय’. यांपैकी शेवटचे दोन शब्द पोर्तुगीज ‘पाद्रि’ व ‘पाय’ यांवरून आले असून त्या दोहोंचे मूळ एकाच लॅटिन शब्दात आहे. एकाच मुळाचे हे दोन शब्द घरातील धर्मजीवनात मात्र निरनिराळ्या अधिकारांचे द्योतक ठरले. तो अधिकारभेद कसा घडला, हे पाहणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

सोळाव्या शतकात ‘पाय’ हा शब्द केवळ घरापुरता नव्हता. नवख्रिस्ती जनांच्या रक्षणासाठी नेमलेल्या धर्मगुरूस ‘पाय दुश क्रिस्तांवश’, म्हणजे ख्रिस्ती जनांचा पिता, असे अधिकृत पदनाम होते. इ. स. १५५९ च्या राजाज्ञेने आईबाप, आजाआजी वा अन्य वडील नसलेली हिंदू मुले ख्रिस्ती संस्थांच्या स्वाधीन करण्याचे ठरले. पुढे बाप वारला की, आई हयात असली तरी, मूल पोरके समजण्याकडे अंमलबजावणीचा कल झुकला. मुलाचा धर्म बापावरून ठरतो, आणि बाप नसेल तर त्याची जागा धर्मसंस्थेने घ्यावी, ही कल्पना या व्यवहाराच्या मुळाशी होती. मातेच्या हक्काची त्यात झालेली उपेक्षा दुर्लक्षिण्याजोगी नाही.

कुटुंबे ख्रिस्ती झाल्यावर मात्र घरातील पित्याच्या वाट्यास काय आले? धर्मशिक्षण पाद्र्याकडे व चर्चच्या शाळेकडे गेले. सायंकाळी घरच्या वेदीपुढे गुडघे टेकून म्हणावयाचा ‘तेर्स’, म्हणजे जपमाळेचा तिसरा भाग (पोर्तुगीज ‘तेर्सु’), पुष्कळ घरांत आई किंवा आजी चालवीत असे. तेर्स संपल्यावर लहानांनी वडीलधाऱ्यांपुढे जाऊन ‘बेंसांव’ मागावयाचा असतो. हा शब्द पोर्तुगीज ‘बेंसांव’, म्हणजे आशीर्वाद, याचेच रूप होय. आईही आशीर्वाद देत असे. तथापि पित्याचे धर्मविषयक कार्य प्रामुख्याने याच विधीत प्रकट होई. तो शिकवीत नसे; शिकविलेल्यावर वडीलकीची मुद्रा उमटवीत असे. वडिलांच्या पाया पडून आशीर्वाद घेण्याच्या आपल्याकडील रीतीशी याचे साम्य उघड आहे. शब्द परका असला तरी नवीन विधी जुन्या आचाराच्या जागी सहज रुजला असावा, असे अनुमान करता येते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही घडी पुन्हा बदलली. खलाशी, आचारी, वादक म्हणून असंख्य गोमंतकीय पुरुष मुंबईस, आगबोटींवर व पूर्व आफ्रिकेत गेले. मुंबईत, विशेषतः धोबीतलावाच्या परिसरात, गावोगावच्या लोकांनी ‘कूड’ नावाची सामाईक वसतिस्थाने उभारली. तेथे वेदी असे, गावाच्या आश्रयदात्या संताची प्रतिमा असे आणि रोज सायंकाळी तेर्सास हजर राहण्याचा नियम असे. म्हणजे बाप प्रार्थना करीत होता, परंतु मुलांसमवेत नव्हे, गावकऱ्यांसमवेत. त्याच वेळी गावी रिकाम्या जागेपुढे आई तेर्स चालवीत होती.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली चर्चविषयक घटनेत कुटुंबास जणू ‘घरगुती चर्च’ म्हटले आणि मातापित्यांस मुलांचे पहिले धर्मप्रबोधक मानले. गोव्याच्या इतिहासाकडे पाहता हे कार्य प्रत्यक्षात तिघांत वाटले गेले होते: शिकवण पाद्र्याची, नित्यपाठ आईचा, आशीर्वाद पित्याचा. म्हणून कॅथलिक पित्याच्या भूमिकेचा विचार करताना केवळ धर्मवचनांवर विसंबून चालणार नाही. पिता घरी होता की नाही, हा साधा प्रश्न अभ्यासकाने प्रथम विचारला पाहिजे.