वीस वर्षे कुलुपात

1968 च्या ऑगस्टमध्ये प्राग शहरात परकी रणगाडे शिरले, हा इतिहास आपण वाचलेला असतो. परंतु त्या रणगाड्यांमागोमाग चित्रपटांचे काय झाले, याकडे आपले सहसा लक्ष जात नाही.

त्याआधीची पाच-सहा वर्षे चेकोस्लोव्हाकियातील तरुण दिग्दर्शकांच्या बहराची होती. यिर्झी मेंझेल यांच्या ‘क्लोजली वॉच्ड ट्रेन्स’ला 1968 मध्येच ऑस्कर मिळाले होते. पुढे 1969 साली त्यांनी बोहुमिल ह्राबाल यांच्या कथांवरून ‘दोरीवरचे चंडोल’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट केला. स्थळ भंगाराचे आवार. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक, सरकारी वकील, सॅक्सोफोनवादक अशा ‘बूर्झ्वा’ मंडळींना सुधारण्यासाठी तेथे राबविले जात आहे. शेजारी देश सोडून जाऊ पाहिल्याबद्दल शिक्षा झालेल्या स्त्रिया आहेत. त्यांतील एकीवर एका तरुण स्वयंपाक्याचे मन जडते. मेंझेल कोठेही आवाज चढवीत नाहीत. ते केवळ हसतात. सत्तेला ते हसूही सोसले नाही.

चित्रपटावर बंदी आली. 1989 मध्ये ती राजवट कोसळल्यावर तो बाहेर निघाला आणि 1990 साली बर्लिनच्या महोत्सवात ‘सुवर्ण अस्वला’चा एक मानकरी ठरला.

परंतु मधल्या वीस वर्षांत जे प्रेक्षक वृद्ध झाले, वारले, त्यांचे काय? पारितोषिक उशिरा देता येते. हिरावलेली संध्याकाळ परत देता येत नाही. म्हणून असे विस्मृत चित्रपट शोधून पाहणे याला आपण नुसता षौक समजू नये. ते थकलेले देणे फेडणे होय.