महागाई आणि गिरणगावातील मूल

महागाई वाढली की आपण प्रथम धान्याचा भाव विचारतो, मग तेलाचा, मग घरभाड्याचा. तिची झळ घरातल्या लहान मुलाला किती लागली, हे मात्र बाजारभावाच्या कोणत्याही तक्त्यात सापडत नाही. आजचा आमचा विषय हाच आहे. त्यासाठी आम्ही पहिल्या महायुद्धानंतरच्या मुंबईचे, म्हणजे परळ-लालबागच्या गिरणगावाचे उदाहरण घेत आहोत. कारण तेथे हा हिशेब थोडाबहुत लिहून ठेवला गेला.

युद्ध १९१४ साली सुरू झाले. आरंभी त्याचा चटका फारसा जाणवला नाही. १९१७ पासून मात्र धान्य, कापड, रॉकेल या साऱ्यांचे भाव चढू लागले. १९१८ साली पाऊस फसला, आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाची साथ आली. १९१४ चा राहणीखर्च १०० धरला, तर १९२० साली तो १८० च्या वर गेला होता. गिरणीमालकांनी महागाईभत्ता दिला, पण तो भावांच्या मागून धावत होता. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक कामगारांनी संप केला. पुढच्याच वर्षी दुसरा मोठा संप झाला, आणि दिवसाचे काम दहा तासांवर आले.

या अस्वस्थतेतून मुंबई सरकारने १९२१ साली कामगार कचेरी स्थापन केली. तिचे प्रमुख फिंडले शिरास यांनी सुमारे अडीच हजार कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. त्यांचा अहवाल १९२३ साली प्रसिद्ध झाला. कुटुंबाची सरासरी मासिक प्राप्ती सुमारे ५२ रुपये. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम केवळ पोटात जात असे. एवढे करूनही त्या कुटुंबाचा आहार तुरुंगातील कैद्याला नेमून दिलेल्या आहाराहून कमी भरला. शंभरांतील ४७ कुटुंबे कर्जात होती, आणि व्याजाचा नेहमीचा दर रुपयामागे महिन्याला एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के होता.

आता प्रश्न असा की, अशा संसारात काटकसर करावी तरी कोठे? भाडे चुकत नाही, वाणी थांबत नाही, सावकार तर नाहीच नाही. तेव्हा काटकसर झाली ती माणसांच्या सहवासात.

पहिला मार्ग म्हणजे घर दोन ठिकाणी वाटून टाकणे. रत्नागिरीचा किंवा साताऱ्याचा पुरुष मुंबईत गाळ्यात पथारी टाकी, खाणावळीत जेवी आणि गावी मनिऑर्डर धाडी. बायकोमुले गावी. मूल आजीच्या हाताखाली वाढे. बाप त्याला दिसे तो शिमग्याला किंवा गणपतीला. बापाची ओळख पटते न पटते तोच त्याची रजा संपे.

दुसरा मार्ग म्हणजे बायकोनेही गिरणीत जाणे. मग तान्ह्या मुलाचे काय? एका खोलीच्या बिऱ्हाडात त्याला सांभाळील असे वडीलधारे माणूस बहुधा नसे. शेजारीण तरी किती दिवस पाहणार? त्यावर उपाय निघाला तो बाळागोळीचा. बाळागोळी म्हणजे अफू घातलेली बारीक गोळी. ती दिली की आई भोंग्यापासून भोंग्यापर्यंत कामावर असताना मूल निपचित पडून राही. कामगार कचेरीने नेमलेल्या डॉ. बार्न्स या बाईंनी स्त्री-कामगारांच्या बाळंतपणाची पाहणी केली, तेव्हा शंभरांपैकी ९८ अर्भकांना अफू दिली जात असल्याचे त्यांनी नोंदविले. निजलेले मूल दूध मागत नाही. आणि दूध न मागणारे मूल खंगत जाते.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६७ अर्भके दगावली. एका खोलीच्या बिऱ्हाडांत हाच आकडा ८२८ होता. कित्येक बायका बाळंतपणाला गावी जात व मूल घेऊन परतत, त्यामुळे जन्माची नोंद गावी आणि मृत्यूची मुंबईत होई, आणि आकडा फुगे, हे ध्यानात घेतले पाहिजे. तरीही चार खोल्यांच्या घरांत हेच प्रमाण १३३ च्या आसपास होते. यावरून काय ते समजावे.

‘अडाणी आया’ असा शेरा त्या काळी सुशिक्षितांनी सर्रास मारला. आम्हांला तो अन्यायाचा वाटतो. मूल रडत राहिले तर आई कामावर जाऊ शकत नाही, आणि ती गेली नाही तर घरात चूल पेटत नाही, अशा पेचात त्या आईने गोळी हाती घेतली. माया कमी पडली नव्हती, वेळ कमी पडला होता. तो वेळ महागाईने विकत घेतला होता.

हा भार एकट्या आईने वाहावा काय, हा प्रश्न पुढे विधिमंडळात आला. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात आणलेले विधेयक फेटाळले गेले. मुंबई कौन्सिलात मात्र प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले, १९२८ साली डॉ. आंबेडकरांनी त्याचा पुरस्कार केला, आणि १९२९ साली कायदा झाला. भारतातील हा अशा प्रकारचा पहिला कायदा होय. बाळंतपणाच्या आगेमागे मिळून सात आठवडे स्त्रीला भत्ता मिळू लागला. सात आठवडे ही काही मोठी मुदत नव्हे. शिवाय पुढच्या दशकांत गिरण्यांतील स्त्रियांचे प्रमाण घटतच गेले, म्हणजे कायदा राहिला पण त्याचा लाभ घेणाऱ्या कमी झाल्या. परंतु मूल वाढविण्याच्या खर्चाचा काही वाटा घराबाहेरच्यांनीही उचलावा, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले. २०१७ च्या दुरुस्तीने ही रजा २६ आठवड्यांपर्यंत गेली, तिचे मूळ तेथे आहे.

आज गिरण्यांचे भोंगे थांबले आहेत, बाळागोळीही गेली. पण घराचा हप्ता आणि शाळेची फी भागवण्यासाठी दोघांनी बाहेर पडायचे, आणि मूल कोणाच्या तरी हवाली करायचे, हा पेच आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. आपण पगार देऊन एक बाई ठेवतो आणि निश्चिंत होतो. ती आपले स्वतःचे मूल कोठे ठेवून येते, हे आपण तिला कधी विचारले आहे काय? बहुतेक वेळा तिच्यासाठी ना रजा आहे, ना पाळणाघर. आज घरी गेल्यावर एवढे जरी आपण विचारले, तरी या व्याख्यानाचे चीज झाले असे आम्ही समजू.