आधी अनुभव, मग मत

परदेशी कॉलेजच्या प्रवेश-अर्जात मुलांना स्वतःवर निबंध लिहावा लागतो. कुठून आलात, काय शिकलात? असे प्रश्न चाळिशीतल्या माणसानेही स्वतःला विचारावेत.

१८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगाचा साक्षीदारांना पहिलाच प्रश्न होता : शिक्षणाविषयी मत बनवण्याची संधी तुम्हाला कशी आणि कुठे मिळाली? पंचावन्न वर्षांच्या जोतीराव फुल्यांनी १९ ऑक्टोबरच्या निवेदनात साधं उत्तर दिलं : माझा अनुभव मुख्यतः पुणे आणि आसपासच्या खेड्यांचा. मागणी त्यानंतर आली : निदान बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. मुसलमान या शाळांपासून दूर राहतात, त्यांना मराठी-इंग्रजीची आवड दिसत नाही, अशी नोंदही त्यात आहे.

ती वाचून पहिला प्रश्न मी स्वतःला विचारते. माझं उत्तर : सोलापूर, उर्दू आणि मराठीचे वर्ग. माझी मुलं बाजारात बिनधास्त मराठी बोलतात, वहीत लिहिताना अडखळतात. म्हणजे आज अडचण आवडीची नाही, सरावाची आहे.

आपल्या मुलांच्या शिक्षणावर मत सगळेच देतात. ते देण्याआधी आयोगाच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हीही एका पानावर लिहून बघा.